फिजिओथेरपीच्या वर्गात कोण बसते आणि त्या पदवीची पत कशावर ठरते

लातूर जिल्ह्यातील एका पालकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलीने यंदा दुसऱ्यांदा नीट दिली, पण एमबीबीएसला पुरतील एवढे गुण मिळाले नाहीत. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीसाठी, पुण्याजवळच्या एका खाजगी महाविद्यालयात जागा मिळेल असे दिसते. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाची शक्यता थोडी आहे. या अभ्यासक्रमाला कोणत्या घरांतली, कोणत्या कुवतीची मुले येतात आणि विद्यापीठात व बाहेर त्याला मान किती आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. "डॉक्टर होता आले नाही ती मुले तिकडे जातात," असे नात्यातील मंडळी म्हणतात, असेही त्यांनी लिहिले आहे.

आपल्या नातेवाइकांचे म्हणणे प्रवेशाच्या दिवसापुरते बरेचसे खरे आहे. त्यानंतरच्या साडेचार वर्षांविषयी मात्र ते काहीही सांगत नाही. मी मुंबईत रुग्णालयाला जोडलेल्या महाविद्यालयात सव्वीस वर्षे फिजिओथेरपी शिकवली आणि शेवटची काही वर्षे विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समित्यांवर, म्हणजे संलग्नतेसाठी महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या समित्यांवर, जाऊन इतर महाविद्यालयेही पाहिली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की प्रवेशाचा कटऑफ आपल्याला शहर, शुल्क आणि वसतिगृह यांविषयी सांगतो, शिक्षणाविषयी फारसे सांगत नाही. या शिक्षणाची पत जोडलेल्या रुग्णालयात कोणते रुग्ण येतात आणि विद्यार्थ्याचा हात त्यांना किती लागतो, यावर ठरते. पुढचे विवेचन नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांविषयी आहे, कारण आपल्यासमोरचे दोन्ही पर्याय त्यांतलेच दिसतात. कराड, लोणी, सावंगी येथील संस्थांसारखी अभिमत विद्यापीठे या चौकटीबाहेर आहेत. त्यांचे शुल्क, परीक्षा आणि विद्यार्थ्यांची जडणघडण निराळी असते.

प्रथम वर्गात कोण असते ते पाहू. राज्याच्या कोट्यातून प्रवेश घ्यायचा तर महाराष्ट्राचा अधिवास आणि साधारणपणे दहावी-बारावी राज्यातूनच झालेली असावी लागते, त्यामुळे संलग्न महाविद्यालयांतील वर्ग जवळजवळ पूर्णपणे महाराष्ट्रीय असतो. परंतु महाराष्ट्रीय म्हणजे एकसारखा नव्हे. माझ्या वर्गात एकाच बाकावर दादरची इंग्रजी माध्यमातली मुलगी, अहमदपूर तालुक्यातून आलेली आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी आणि मेळघाटातून आलेला आदिवासी विद्यार्थी बसलेला मी पाहिला आहे. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत हे घडते त्याचे कारण सामाजिक आरक्षण आहे. अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींचे तीन गट मिळून ८ आणि इतर मागासवर्ग १९ अशी पन्नास टक्के बेरीज होते. त्यावर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी आणखी १० टक्के जागा आहेत. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांतील प्रमाण यापेक्षा वेगळे असते आणि तिथे घरची ऐपत ही दुसरी गाळणी लागते. म्हणून एकाच विद्यापीठाच्या, एकच प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्या दोन महाविद्यालयांतले वर्ग पाहिले तर ते दोन निरनिराळ्या महाराष्ट्रांतून आल्यासारखे वाटतात.

या सर्वांहून ठळक गोष्ट म्हणजे मुलींची संख्या. महिलांचे तीस टक्के समांतर आरक्षण या अभ्यासक्रमात कागदावरच राहते, कारण गुणवत्तेनेच मुली त्याहून कितीतरी अधिक येतात. साठ जणांच्या तुकडीत मुलगे दोन बाकांवर मावत, अशी वर्षे मी पाहिली आहेत. याचे कारण घराघरांत दिले जाते ते असे की हे काम मुलींना सोयीचे आहे, रात्रपाळी नसते आणि पुढे घरच्या घरी दवाखाना काढता येतो. त्यात तथ्य आहे, पण मूळ त्याहून जुने आहे. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली, तिच्यातूनच तिथली आजची फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संघटना उभी राहिली. आपल्याकडेही पाया स्त्रियांनीच घातला. पोलिओ झालेल्या मुलीवर उपचार शोधता शोधता फातमा इस्माईल यांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने निंबकर झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारांची, शाळा उघडली. त्याच आवारात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५३ साली फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय आले. त्या काळच्या विभागाचे मुख्य काम पोलिओ होते. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ज्या रोगामुळे हा व्यवसाय इथे रुजला तो गेला, तरी विभागांतली गर्दी कमी झाली नाही. पक्षाघात, गुडघ्याचे सांधेरोपण, अतिदक्षता विभागातील श्वसनाचे व्यायाम, मेंदूच्या पक्षाघातासह जन्मलेली बाळे आणि संगणकापुढे मान आखडलेले तरुण, अशी ती बदलत गेली.

मुलगे कमी असण्याचा शिकवण्यावर परिणाम होतो, याकडे बाहेरच्यांचे लक्ष जात नाही. पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी एकमेकांच्या अंगावरच शिकतात: खांद्याचे हाड बोटाने चाचपणे, गुडघ्याचा कोन गोनिओमीटरने मोजणे, स्नायूची ताकद हाताने अजमावणे. मुले मुलांवर आणि मुली मुलींवर सराव करतात. तुकडीत पाच मुलगे असतील तर दोन जोड्या लागतात आणि पाचवा उरतो; मग एखादा वरच्या वर्गातला विद्यार्थी किंवा प्रयोगशाळेतला कर्मचारी पलंगावर आडवा होतो. मुलींची अडचण उलटी असते. त्यांना वर्षभर आपल्याच वयाच्या सडपातळ मैत्रिणींची शरीरे हाताला लागलेली असतात, आणि तिसऱ्या वर्षी वॉर्डात नव्वद किलोचा अर्धांगवायू झालेला गृहस्थ खाटेवरून खुर्चीत बसवायची वेळ आली की त्या दचकतात. वजन ताकदीने नव्हे तर स्वतःच्या पायांची ठेवण आणि कमरेचा तोल यांनी उचलायचे असते, हे शिकायला प्रत्यक्ष रुग्णच लागतो.

वयाचे आणि पूर्वतयारीचे चित्रही विचारात घ्यावे. बारावीनंतर थेट आलेली मुले थोडी आणि एक किंवा दोन वर्षे नीटसाठी थांबून आलेली पुष्कळ. आपण लातूरचे, त्यामुळे 'लातूर पॅटर्न' आपल्याला सांगायला नको. त्या मुशीतून निघालेल्या मुलांची मेहनतीची सवय वाखाणण्यासारखी असते. जीवशास्त्राचा पाया पक्का असतो आणि शरीररचनाशास्त्रात ती पुढे असतात. परंतु दोन-तीन वर्षे चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लागलेल्या मुलाला विद्यापीठाच्या परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्न लिहायचा असतो आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाशी बोलायचे असते. तिथे पहिली सहामाही जड जाते. त्यातच एमबीबीएस हुकल्याची खंत मनात असते. पहिल्या वर्षाच्या सत्रान्त परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्यांशी बोलायला बसले की बहुतेकांना अभ्यास कळत नव्हता असे नसे. त्यांचे मन त्या खोलीत आलेलेच नसे. नातेवाईक बोलतात त्याचा परिणाम इथे दिसतो, म्हणून हे लिहून ठेवते.

भाषेची गोष्ट जरा वेगळी आहे. परीक्षा इंग्रजीत असते आणि मराठी माध्यमातल्या मुलांना पहिले वर्ष त्यामुळे अवघड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका विद्यार्थिनीची मला आठवण आहे. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत तिला उत्तर येत असूनही वाक्य पुरे होत नव्हते आणि डोळ्यांत पाणी उभे राहिले होते. तीच मुलगी तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेली तेव्हा वाचा अर्धवट गेलेल्या, बीडकडच्या एका शेतकरी आजोबांना "पाय उचला" म्हणण्याऐवजी "तात्या, बांध ओलांडायचाय, पाय टाका बरं," असे म्हणाली आणि आठवडाभर जमिनीवरून न उचललेला पाय त्यांनी उचलला. मेंदूच्या आजारात ओळखीच्या कृतीचे नाव घेतले तर हालचाल सुलभ होते हे पुस्तकात आहे. पण बांध हा शब्द पुस्तकात नाही. फिजिओथेरपीचे निम्मे काम बोलून करायचे असते, आणि रुग्णाच्या बोलीत बोलता येणे हे या क्षेत्रात भांडवल आहे. प्रवेशाच्या गुणांत ते कुठेही मोजले जात नाही.

शुल्काचा उल्लेख करणे भाग आहे. खाजगी महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि महाविद्यालयनिहाय आकडे प्राधिकरण जाहीर करते. तिथे दिलेल्या आकड्यापेक्षा अधिक मागणी झाली तर लेखी कारण मागावे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी ही सवलत निम्मी होती. मात्र ती शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेल्या प्रवेशालाच मिळते. संस्थेच्या कोट्यातून घेतलेली जागा आणि अभिमत विद्यापीठ यांना ती लागू नाही. वसतिगृह, खाणावळ, ॲप्रन, हाडांचा संच यांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. या निर्णयाने वर्गातले मुलींचे प्रमाण आणखी वाढेल, असा माझा कयास आहे.

आता भरलेल्या आणि रिकाम्या जागांविषयी, कारण महाविद्यालये आपल्याला "आमच्या सर्व जागा भरतात" असे अभिमानाने सांगतील. समजा एका महाविद्यालयात साठ जागा आहेत आणि पहिल्या दोन फेऱ्यांत त्या साठही भरल्या. त्यानंतर आयुर्वेद, दंतवैद्यक, होमिओपॅथी यांच्या फेऱ्या चालू राहतात आणि त्यांत वरची पसंती लागलेली नऊ मुले जागा सोडतात. शेवटच्या मुदतीपर्यंत चार जागा पुन्हा भरतात, पाच रिकाम्या राहतात. पहिल्या वर्षानंतर तीन मुले पुन्हा नीट देऊन निघून जातात, चार मागे राहतात. अशा रीतीने दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर मूळ तुकडीची अठ्ठेचाळीस नावे उरतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, परंतु गळतीच्या पायऱ्या खऱ्या आहेत. महाविद्यालयाला विचारायचा प्रश्न म्हणूनच "किती जागा भरल्या" हा नसून "पाच वर्षांपूर्वी आलेल्या तुकडीपैकी किती जणांची इंटर्नशिप वेळेवर पूर्ण झाली" हा आहे. ज्या प्राचार्यांना याचे उत्तर कागद न चाळता देता येते, त्यांच्याकडे मुलांकडे लक्ष असते.

विद्यापीठातील आणि देशातील स्थानाविषयी आपण विचारले आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीत वैद्यकीय, दंत, औषधनिर्माण असे स्वतंत्र गट आहेत, फिजिओथेरपी किंवा संलग्न आरोग्यशास्त्रांचा गट नाही. त्यामुळे "देशात अमुक क्रमांकाचे फिजिओथेरपी महाविद्यालय" असे जाहिरातीत वाचले तर ती क्रमवारी कोणाची, हे विचारावे. बहुधा एखाद्या नियतकालिकाची किंवा संस्थेच्या दुसऱ्याच विभागाची असते. नॅकची, म्हणजे उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, एका पदवीला नव्हे. विद्यापीठाची सुवर्णपदके आणि उत्तीर्णांचे प्रमाण यांना अर्थ आहे, पण थोडा: ज्या ठिकाणी मुळातच जास्त गुणांची मुले येतात तिथले निकाल चांगले लागणारच. त्यापेक्षा मला कमी गुणांवर आलेली मुले पहिल्या प्रयत्नात काढून देणारे महाविद्यालय अधिक मोलाचे वाटते.

विद्यापीठाच्या संलग्नतेसाठी जी तपासणी होते तिच्यावर किती विसंबावे, हे एका प्रसंगावरून सांगते. एका खाजगी महाविद्यालयात आम्ही समिती म्हणून गेलो. बाह्यरुग्ण विभाग रुग्णांनी भरला होता, नोंदवही नीटनेटकी होती. नोंदवहीतली सात महिन्यांची पाने एकाच हस्ताक्षरात आणि एकाच शाईत होती. अल्ट्रासाउंडच्या यंत्रावरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते. कंबरदुखीचा रुग्ण म्हणून झोपवलेल्या तरुणाला मी कुठे दुखते असे विचारले तर त्याने गुडघ्यावर हात ठेवला, शेजारच्या शिक्षकांकडे पाहिले आणि मग हात कमरेवर नेला. चौकशीत कळले की तो त्याच संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातला शिपाई होता. आम्ही जे पाहिले ते अहवालात लिहिले. परंतु अशी तपासणी पूर्वसूचना देऊन होते आणि हुशार संस्था एवढ्या ढोबळ चुका करत नाहीत. म्हणून संलग्नता ही किमान अट समजावी. चालू वर्षासाठी ती आहे आणि किती जागांसाठी आहे, हे विद्यापीठाच्या यादीत स्वतः पाहावे. पुढचे पारखणे आपल्यालाच करावे लागेल.

त्यासाठी पूर्वसूचना न देता सकाळी दहाच्या सुमारास मंगळवारी किंवा बुधवारी तिथे जाऊन बसावे. शहरातल्या रुग्णालयाची खरी गर्दी तेव्हा दिसते. पाठीला शेक घेणारे रुग्ण सगळीकडेच असतात. त्यांवरून काही ठरवू नये. समांतर दांड्यांच्या मधून चालायला शिकणारे कोणी दिसते का, लहान मुलांसाठी चटई अंथरलेला कोपरा आहे का आणि तिथे मुले आहेत का, हातपाय गमावलेल्या रुग्णाचे काम चालते का, हे पाहावे. चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारावे की पक्षाघाताचा रुग्ण खाटेवर असल्यापासून चालेपर्यंत तिने स्वतः किती वेळा सांभाळला, अतिदक्षता विभागात तिची पोस्टिंग किती दिवसांची होती आणि तिथे तिला रुग्णाला हात लावू दिला की फक्त उभे राहू दिले. "आम्हाला दुसऱ्या रुग्णालयात महिन्यातून दोनदा नेतात," असे उत्तर आले तर विचार करावा. चौथ्या वर्षाचे विषयच अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन आणि सामुदायिक फिजिओथेरपी असे आहेत. यांतले शेवटचे दोन स्वतःचे चालते रुग्णालय आणि आसपासची वस्ती यांवाचून शिकवताच येत नाहीत.

व्यवसायाच्या मानाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत इथे पुष्कळ बदलले आहे. महाराष्ट्रात व्यवसाय करण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी राज्य परिषदेची नोंदणी लागते. देशपातळीवर मात्र दीर्घकाळ कायदाच नव्हता आणि त्यामुळे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन पाटी लावणाऱ्यालाही कोणी अडवत नसे. मार्च २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात दहा गटांत ५६ व्यवसाय आहेत आणि फिजिओथेरपी त्यांत स्वतंत्र गट म्हणून आहे. २०२५ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या व्यवसायांपैकी दहांचे नवे अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. त्यांत फिजिओथेरपीची पदवी एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांची धरली आहे. आजवर आपल्याकडे ती चार वर्षे आणि सहा महिने अशी होती. आपल्या मुलीची तुकडी कोणत्या आराखड्याखाली येणार, हे प्रवेशाच्या वेळी लेखी विचारून घ्यावे, कारण सहा महिन्यांचा फरक खर्चातही पडतो. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते की नाही, हेही तेव्हाच विचारावे. संकोच करू नये.

नावाआधी 'डॉ.' लावण्यावरून झालेला वाद आपण वाचला असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ही उपाधी वापरू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. माझ्या पिढीतल्या अनेकांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो, मला तितका वाटत नाही. मी कामाला लागले तेव्हा अस्थिरोग वॉर्डाच्या केसपेपरवर एकाच शब्दात "फिजिओ" असे लिहून कागद आमच्याकडे यायचा. काय करायचे, किती दिवस, कोणत्या काळजीने, काही नाही. आज त्याच वॉर्डात सांधेरोपणाच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करायचे की नाही यावर शल्यविशारद आमच्या मुलींचे मत विचारतात आणि ते पाळतातही. हा बदल उपाधीने झाला नाही, आणि सर्वत्र झाला आहे असेही नाही. लहान शहरांत आजही अनेक ठिकाणी फिजिओथेरपिस्टला डॉक्टरांच्या दवाखान्यातील एक यंत्र समजले जाते.

पदवीनंतरचे चित्र वर्गाच्या घडणीशी जोडलेले आहे. पहिल्या नोकरीचा पगार बहुधा निराशा करणारा असतो, आणि मुलगे या क्षेत्राकडे कमी वळतात त्याचे खरे कारण मला तेच वाटते. नंतर मात्र चित्र उलटे होते: क्रीडा संघांबरोबर फिरणारे आणि स्वतःच्या नावाचे मोठे दवाखाने काढणारे यांत मुलग्यांची संख्या त्यांच्या वर्गातल्या प्रमाणापेक्षा जास्त दिसते, तर अध्यापनात, बालविकास केंद्रांत आणि घरी जाऊन उपचार करण्यात मुली अधिक दिसतात. लग्न आणि बाळंतपण यांनंतर पाच-सहा वर्षे थांबून पुन्हा कामाला लागलेल्या माझ्या विद्यार्थिनी पुष्कळ आहेत. वैद्यकीय क्षेत्रातल्या इतर पदव्यांपेक्षा इथे परत येणे सोपे आहे, कारण घरोघरी जाऊन काम सुरू करायला भांडवल लागत नाही. काही कधीच परतल्या नाहीत. परिषदेच्या नोंदवहीत त्यांची नावे आहेत, म्हणून राज्यात किती फिजिओथेरपिस्ट आहेत हे त्या नोंदवहीवरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

परदेशाचा विचार असेल तर एवढेच लक्षात ठेवावे की ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिका येथील नोंदणी मंडळे महाविद्यालयाचे नाव पाहून निर्णय देत नाहीत. विषयांचे तास आणि पर्यवेक्षणाखाली झालेल्या प्रत्यक्ष रुग्णकामाचे तास यांचा ताळेबंद मागतात. अमेरिकेत आता या व्यवसायाची प्रवेशपदवीच डॉक्टरेट पातळीची आहे, त्यामुळे तिथे आपल्या पदवीत तूट निघते. जी महाविद्यालये असे तासांचे तपशील विद्यार्थ्याला सहज काढून देतात ती निवडावीत. दहा वर्षांनी तो कागद मिळवण्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

आपण विचारले नाही, तरी पसंतीक्रम भरताना भगिनी अभ्यासक्रमांचीही माहिती असावी. ऑक्युपेशनल थेरपीला विद्यार्थी कमी जातात, त्याचे कारण मुख्यतः नाव अपरिचित असणे हे आहे. अर्धांगवायूनंतर पुन्हा बटण लावता येणे, स्वमग्न मुलाला वर्गात बसता येणे अशी त्यांची कामे असतात आणि शहरांत त्यांना मागणी मोठी आहे. श्रवण व वाचा यांच्या पदवीची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठी १९८३ पासून प्रसिद्ध आहे. कृत्रिम अवयवांची पदवी हाजी अलीच्या अखिल भारतीय संस्थेत मिळते आणि तिला कारागिरीची आवड लागते. प्रयोगशाळा, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह यांच्या पॅरामेडिकल पदव्यांची वाट वेगळी आहे. त्यांत स्वतंत्र दवाखाना काढता येत नाही, मात्र रुग्णालयांत नोकरी लवकर लागते.

आता आपल्यासमोरच्या दोन पर्यायांकडे येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विदर्भाबरोबर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात, आणि ते बहुधा उशिरा, आजार वाढलेल्या अवस्थेत येतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने, बोलायला कठोर वाटले तरी, अशा रुग्णालयाला तोड नाही. इमारत जुनी असेल, यंत्रे कधी बंद असतील, वसतिगृहाबद्दल तक्रारी ऐकू येतील. तरीही शुल्क आणि रुग्ण या दोन्ही बाबतींत मी नागपूर वर ठेवीन. पुण्याजवळचे खाजगी महाविद्यालय दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला हरकत नाही, मात्र वर सांगितल्याप्रमाणे एक सकाळ तिथे घालवून मगच. मुलीलाही बरोबर न्यावे; आणि त्याआधी एखादा दिवस तिला लातूरमधल्याच एखाद्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी घेऊन बसू द्यावे. तिला त्या खोलीत चार तास काढणे जड गेले तर ते आताच कळलेले बरे.

जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा उत्पन्नाचे प्रमाणपत्र, जे लागू असेल ते, फेरी सुरू होण्यापूर्वी हातात असू द्यावे, नाहीतर शुल्कमाफी आणि राखीव जागा दोन्ही हुकतात. पहिल्या फेरीत पुण्याची जागा लागली तर विहित मुदतीत तिथे प्रवेश घ्यावा, पण कोणी कितीही आग्रह केला तरी स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवण्याचा, अर्ज भरण्याची घाई करू नये. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघते आणि नागपूरची शक्यता तिथेच संपते.